‘मस्त बसला’ म्हणणाऱ्या पाच जणी

पत्र थोडक्यात असं : लेखिका नाशिकच्या, चाळिशीतल्या, घरी शिवणकाम करणाऱ्या. तलावावरच्या बायकांच्या बॅचसाठी त्या अर्ध्या बाह्यांचे, गुडघ्यापर्यंत पाय झाकणारे, वर छोटा स्कर्ट असलेले पोहण्याचे कॉस्च्युम शिवून देतात. बाहेरगावच्या बायका ‘नुसतं कटिंग पाठवा, आम्ही शिवू’ म्हणू लागल्या, तेव्हा स्वतःच्या मापावरून त्यांनी छाती ३२ ते ४६ असा आठ मापांचा पेपर पॅटर्न कॉम्प्युटरवर तयार केला. ए-फोर कागदांवर छापायचा, कागद चिकटवायचे आणि कापायचं. जोडीला योगा पँटचाही केला. विक्रीला काढण्याआधी नऊ ओळखीच्या बायकांना तो शिवून बघायला दिला. पाच जणींनी आरशासमोरचे फोटो पाठवून ‘मस्त बसला’ म्हटलं. सोलापूरच्या एकीला (माप ४०) तो खांद्यात काचतो आणि खालून ओढतो. एकीची शिवण तलावात उडी मारताच उसवली. एकीला सगळाच लहान झाला. थोरल्या नणंदेने होजिअरीच्या कापडात, पूर्ण बाह्या जोडून शिवला. तो पाण्यात लोंबला आणि ‘तुझं कटिंगच चुकलंय’ असं त्यांनी घरच्या ग्रुपवर लिहिलं. लेखिका विचारतात : पॅटर्न रद्द करू, की बहुमत पाचांचं आहे म्हणून उन्हाळी सुट्टीच्या बॅचआधी विकायला काढू? आलेले फोटो जाहिरातीला वापरले तर चालेल का? एकीच्या नवऱ्याने हरकत घेतली आहे. आणि या बायकांना पैसे द्यायला हवेत का?

आधी मीच एक विचारते. त्या पाच जणींपैकी पाण्यात किती जणी उतरल्या?

पत्रात तुम्ही लिहिलंय की फोटो आरशासमोरचे होते. थंडीचे दिवस होते, तलावाचं पाणी गार असणार, तेव्हा बहुतेकींनी कॉस्च्युम घरीच घालून पाहिला असेल आणि काढून ठेवला असेल. पाण्यात नक्की गेल्या त्या दोघी : जिची शिवण उसवली ती आणि तुमच्या वन्सं. दोघींचीही तक्रार आहे. म्हणजे तुम्ही जिला पाच विरुद्ध चार अशी मतमोजणी समजताय, तिच्यातली पाच मतं अजून पडलेलीच नाहीत. मला काळजी वाटते ती या पाच जणींची. तक्रार करणाऱ्या चौघींनी तुम्हाला निदान काहीतरी सांगितलं.

आणि ओळखीची बाई ‘मस्त बसला’ का म्हणते, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुम्ही तिला फुकट काहीतरी दिलंत, तिने दोन संध्याकाळी खर्च करून शिवलं, नाव ठेवलं तर तुम्हाला वाईट वाटेल, शिवाय आपल्याच शिवणीत खोट असेल अशी तिला शंका. यात खोटेपणा काही नाही, ही आपली रीतच आहे. म्हणून ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. असं विचारा : पाण्याबाहेर आल्यावर मागून किती वेळा ओढून खाली केलात? खांद्यावर वळ उठला का, आणि अर्ध्या तासाने तो होता का? हात वर केल्यावर काखेखालचं कापड किती बोटं वर सरकलं? उकिडवं बसल्यावर गळा पुढे सुटला का? अशा प्रश्नांना ‘मस्त’ हे उत्तर देताच येत नाही.

आता चार तक्रारींकडे वळू. तुम्ही त्यांना एका गठ्ठ्यात बांधलंय, ‘पॅटर्न चुकला’ या नावाखाली. माझ्या मते त्या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि कटिंगचा दोष त्यांतल्या जेमतेम एकीत असेल.

सोलापूरच्या बाईंपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोलाचं त्यांनीच सांगितलंय. कुर्ता खांद्यावरून लोंबतो, त्याला खाली कुठे अडायचं नसतं, त्यामुळे बाई उंच असली तर फार तर तो आखूड दिसतो. अंगभर एकसंध कॉस्च्युम मात्र वर खांद्यांना आणि खाली दोन पायांच्या मध्ये असा दोन टोकांना अडकलेला असतो. त्याच्यासाठी छातीइतकंच महत्त्वाचं एक माप असतं, जे ब्लाउज-कुर्ता शिवणारे आपण कधी घेतच नाही : खांद्याच्या मध्यावरून टेप सोडायची, पुढून खाली नेऊन दोन पायांमधून मागे घ्यायची आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणायची. आपण त्याला वळसा म्हणू. छाती ३८ असलेल्या दोन बायका घ्या, एक पाच फुटांच्या आतली आणि दुसरी साडेपाच फुटांच्या वरची. छाती तीच, पण वळशात काही इंचांचा फरक सहज पडतो. तुमचा पॅटर्न तुमच्या स्वतःच्या अंगावरून निघाला आहे आणि तुम्ही पाच फूट एक इंच उंच आहात असं पत्रातच लिहिलंय. म्हणजे आठही मापांत तुमची उंची लपून बसली आहे. यात शरमण्यासारखं काही नाही, प्रत्येक मापतक्त्यात कुणाची तरी उंची लपलेली असतेच. अमेरिकेतल्या मोठ्या पॅटर्न कंपन्यांचे बायकांचे तक्तेही साधारण ५ फूट ५-६ इंच उंची धरून केलेले असतात आणि आपल्याकडे ते घेऊन शिवणाऱ्या बायका कमरेची जागा खाली आली म्हणून हैराण होतात. भारतीय अंगांसाठी आपला स्वतःचा तक्ता नव्हता म्हणूनच तर निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने थ्री-डी स्कॅनर लावून हजारो माणसांची मापं घेण्याचा ‘इंडियासाइझ’ प्रकल्प हाती घेतला.

पण थांबा. खांद्यात काचणं आणि खालून ओढणं ही दोन्ही लक्षणं आणखी एका कारणाने येतात. बाजारात लायक्रा म्हणून मिळणारं पुष्कळसं कापड फक्त आडवं ताणतं, उभं ताणतच नाही. तुमचा पॅटर्न चारही बाजूंना ताणणाऱ्या कापडासाठी काढलेला आहे. सोलापूरच्या बाईंनी आडवंच ताणणारं कापड घेतलं असेल, तर त्या तुमच्याएवढ्या उंचीच्या असत्या तरी हेच झालं असतं. म्हणून त्यांना फोन करून तीनच गोष्टी विचारा : उंची, वळसा आणि उरलेल्या तुकड्यावर ताणाची मोजणी. ती मोजणी अशी : कापड दुमडून घडीच्या कडेवर १० सेंटिमीटरवर दोन टाचण्या लावायच्या, पट्टीवर धरून सहज ताणेल तेवढं ताणायचं, ओढाताण करायची नाही. १५ सेंटिमीटरपर्यंत गेलं तर ताण ५० टक्के. सोडल्यावर परत १० वर येतंय की साडेदहा-अकरावर रेंगाळतंय तेही बघायचं, कारण रेंगाळणारं कापड दोन-चार वेळा पोहून झाल्यावर ढिलं पडतं. एकदा आडवं मोजायचं, एकदा उभं.

वळसा जास्त निघाला तर दुरुस्ती अवघड नाही. पुढच्या आणि मागच्या भागावर, कमरेच्या जरा वर, एक आडवी रेघ छापा आणि लिहा : इथे कापून लांबी वाढवा किंवा घडी घालून कमी करा. वळसा ३ इंचांनी जास्त असेल, तर पुढे दीड आणि मागे दीड. आणि मापतक्त्यात छाती, कंबर, सीट यांच्या जोडीला वळसा आणि ‘हा पॅटर्न अमुक उंची धरून केलाय’ हे ठळक छापा. या एका ओळीने तुमच्या निम्म्या भावी तक्रारी कमी होतील.

शिवण उसवलेल्या बाईंचं काय? त्यांच्याकडे घरची जुनी काळी मशीन आहे असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. उत्तर तिथेच आहे. त्या मशीनवर फक्त सरळ टीप पडते. कापड दीडपट ताणतं, सरळ टीप ताणत नाही, उडी मारली की धागा तुटतो. त्यात धागा सुती असेल तर संपलंच. तुम्ही म्हणता की हे शिवणाऱ्या बाईला कळायला हवं. मला तसं वाटत नाही. तुमच्या सूचनांच्या पानावर झिगझॅग (कापडाबरोबर ताणणारी नागमोडी टीप) हा शब्द आहे का? नसेल, तर ही पॅटर्नचीच त्रुटी आहे, कारण सूचनांचं पानही पॅटर्नच असतं. तिथे लिहा : बॉलपॉइंट (गोल टोकाची) किंवा स्ट्रेच सुई, पॉलिएस्टर धागा, अरुंद झिगझॅग किंवा चार धाग्यांचं ओव्हरलॉक. ज्यांच्याकडे सरळ टीपच आहे त्यांनाही वाऱ्यावर सोडू नका, आपल्याकडे अशा मशिनी घरोघरी आहेत. त्यांना सांगा की कच्ची टीप घालून अंगावर माप बघून घ्या आणि पक्की शिवण बाजारातल्या ओव्हरलॉकवाल्याकडून मारून आणा. पिको-फॉलच्या दुकानात बहुधा तेही होतं. उसवलेल्या बाईंना या नव्या सूचना देऊन तोच कॉस्च्युम पुन्हा शिवायला सांगा. तेव्हा टिकला, तर कटिंग निर्दोष.

‘सगळाच लहान’ झाला त्या बाईंनी कागद झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतले असणार, पैज लावते. दुकानदार काही न विचारता ‘फिट टू पेज’वर छापतो आणि चित्र तीन-चार टक्क्यांनी आक्रसतं. एका पानावर ते डोळ्यांना कळत नाही. पण ३ टक्के म्हणजे ३८च्या घेरात इंचाहून जास्त आणि ६० इंचांच्या वळशात पावणेदोन इंचांहून जास्त. सैल कुर्त्यात हे खपून गेलं असतं, अंगापेक्षा मुद्दामच लहान काढलेल्या कपड्यात खपत नाही. उपाय सगळीकडे वापरला जातो तोच : पहिल्या पानावर ५ सेंटिमीटरचा चौकोन, आणि त्याखाली ‘आधी हे एकच पान १०० टक्क्यांवर छापा, चौकोन पट्टीने मोजा, बरोबर आला तरच बाकीची पानं छापा.’ चौकोनाच्या दोन्ही बाजू मोजायला सांगा. काही प्रिंटर एकाच दिशेला ताणतात.

आता कापड. तुमच्या मनात, आणि मला वाटतं बऱ्याच शिवणाऱ्यांच्या मनात, एक गृहीत असतं की पॅटर्न हा आकाराचा असतो आणि कापड ही शिवणारीची आवड. साडीच्या ब्लाउजला ते बऱ्यापैकी लागू आहे. म्हणूनच मांजरपाटावर ट्रायल घेऊन मग खऱ्या कापडाला कात्री लावता येते. इथे मांजरपाटाचा काही उपयोग नाही, ते साधं सुती कापड ताणतच नाही. कॉस्च्युमचा घेर अंगापेक्षा कमी काढलेला असतो : ३८ची छाती असेल तर कागदावर ३४च्या आसपास, म्हणजे साधारण दहा टक्के कमी. ते किती कमी करायचं, हे सर्वस्वी कापडाच्या ताणावर ठरतं. कापड बदललं की माप बदललं. नायलॉन आणि स्पॅन्डेक्स (ताणणारा धागा) यांचं, ८०-२०च्या आसपास मिश्रण असलेलं कापड एक वागणार, सुरतेहून येणारं पॉलिएस्टरचं पातळ लायक्रा दुसरं. तेव्हा तुमच्या नऊ जणींनी एक पॅटर्न तपासलेला नाही. नऊ कापडं, नऊ मशिनी आणि नऊ प्रिंटर यांत तुमचा पॅटर्न बुचकळून काढलाय. त्यातून काय चुकलं हे शोधणं म्हणजे एकदम चार मसाले बदललेल्या भाजीत खारट कुठून आलं ते हुडकणं.

म्हणून दुसरी फेरी घ्या, पण लहान आणि शिस्तीची. एकाच थानातलं कापड आणा, मुंबईच्या मंगलदास मार्केटमधून किंवा नेहमीच्या व्यापाऱ्याकडून. त्याचा आडवा-उभा ताण स्वतः मोजा. चार-पाच मापं निवडा, एकाआड एक घेतली तरी चालेल, पण दोन्ही टोकं सोडू नका. पहिल्या खेपेला नऊपैकी सहा जणी ३६ आणि ३८च्या होत्या, ४२च्या वर कुणीच नव्हतं. गडबड तर टोकांनाच होते. तुम्ही प्रत्येक मापाला सगळीकडे सारखी वाढ दिली आहे असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. पण छाती २ इंचांनी वाढली म्हणून खांदा त्या प्रमाणात वाढत नाही, तो जेमतेम पाव इंचाच्या आसपास वाढतो. ३६च्या शेजारी हे जाणवत नाही. ४६पर्यंत जाता जाता खांदा दंडावर उतरतो आणि मुंढा (बाही जोडायची गोलाई) खाली लोंबतो. दंडाचा घेर मात्र तिथे जास्त हवा असतो, आणि तुमच्या कॉस्च्युमला बाही आहे.

कापड तुम्ही द्या, छापील कागद तुम्ही द्या, इलॅस्टिकही तुम्हीच द्या. मग जे काही चुकेल ते एकतर कटिंगमध्ये किंवा अंगाच्या मापात. दुरुस्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख टाका, नाहीतर कुणाकडे कोणता पॅटर्न गेलाय याचा महिन्याभरात पत्ता लागत नाही. हे जमल्यावर तिसरी, मोकळी फेरी : आपापलं कापड, आपापली मशीन, नुसत्या सूचना वाचून. त्या फेरीत तुम्ही फोनवर काहीही समजावायचं नाही. कुणी फोन केला तर प्रश्न लिहून घ्यायचा, कारण तोच प्रश्न विकत घेणारीलाही पडणार आहे.

पाण्यातली परीक्षा कशी घ्यायची हेही ठरवून द्या. तलाव लगेच मिळत नसेल तर घरीच अंगावर घालून शॉवरखाली किंवा बादलीभर पाण्याने पूर्ण भिजायचं. ओला कॉस्च्युम जड होतो आणि लांबतो. तुमच्या डिझाइनमधला स्कर्ट तर पाणी धरून ठेवतो आणि सगळं वजन कमरेच्या शिवणीवर येतं. कोरडा असताना अंगाला अगदी नेमका बसणारा कॉस्च्युम ओला झाल्यावर बहुधा ढिला पडतो. भिजल्यावर दोन्ही हात डोक्यावर, मग वाकणं, उकिडवं बसणं, दोन-चार उड्या. तलावात गेल्यावर स्कर्टचं आणखी एक बघा : उभी उडी मारली की तो छत्रीसारखा वर येऊन तोंडापाशी येतो का? घेर कमी केला किंवा पुढच्या बाजूला दोन ठिकाणी अडकवला की हे थांबतं. नवशिक्या बाईच्या तोंडावर ओलं कापड आलं तर ती घाबरते, त्यामुळे ही नुसती दिसण्याची बाब समजू नका.

क्लोरीनची परीक्षा मात्र वेळ घेते. क्लोरीन स्पॅन्डेक्सचा धागा हळूहळू खातं, म्हणून आज छान बसलेला कॉस्च्युम हंगामाच्या शेवटी पोतं होतो. साधं पांढरं गुंफलेलं इलॅस्टिक त्याही आधी जातं. स्विमवेअरसाठीचं किंवा रबराच्या पट्टीचं इलॅस्टिक वापरायला सांगा. रबराने काहींच्या अंगाला खाज येते, तेही लिहा. नेहमी पोहणाऱ्या एखाद्या बाईला एक कॉस्च्युम महिनाभर वापरायला द्या, तलावातून आल्यावर साध्या पाण्यात खळबळून, न पिळता, सावलीत वाळवायच्या अटीवर, आणि महिन्याने गळ्याचं इलॅस्टिक मोजा. त्यासाठी सगळी विक्री थांबवायची गरज नाही.

तुमच्या पत्रावरून कळतं की बॅचमधल्या काही बायकांच्या मुलीही पोहतात. शर्यतीसाठी हा कॉस्च्युम नाही, एवढं पहिल्या पानावर लिहून टाका. २००९च्या रोमच्या जलतरण विश्वस्पर्धेत पॉलियुरेथेनच्या (प्लास्टिकसारख्या) पोशाखांत ४३ विश्वविक्रम झाले आणि १ जानेवारी २०१०पासून आंतरराष्ट्रीय जलतरण संघटनेने नियम कडक केले : पोशाख कापडाचाच, बायकांचा खांद्यापलीकडे आणि गुडघ्याखाली नाही, आणि तोही मान्यताप्राप्त. शाळेच्या किंवा क्लबच्या स्पर्धेत काय चालतं ते कोच सांगतील. एखादी मुलगी तुमचा बाह्यांचा कॉस्च्युम घालून स्टार्टिंग ब्लॉकवर गेली आणि पंचांनी तिला परत पाठवलं, तर ते तुमच्या नावावर जमा होईल.

योगा पँटबद्दल थोडक्यात. ती याच वेळी काढू नका. तिच्या परीक्षाच वेगळ्या आहेत : खिडकीकडे पाठ करून वाकलं की कापडातून आतलं दिसतं का (पांढऱ्या कापडावर छापलेली गडद डिझाइनं ताणली की फटफटीत होतात), कमरेचा पट्टा बसल्यावर गुंडाळून खाली येतो का, दोन पायांच्या मध्ये चौकोनी किंवा पानाच्या आकाराचा जोड आहे का, की चार शिवणी एका बिंदूत येऊन तिथेच फाटतं. दोन पॅटर्न एकदम तपासायला दिलेत म्हणून कोणत्याच बाईने दोन्ही नीट केले नाहीत, असा माझा अंदाज आहे.

आता पैशांचं. परदेशातल्या छोट्या पॅटर्न डिझायनरांमध्ये प्रथा अशी की तपासणाऱ्या बाईला शेवटचा पॅटर्न फुकट, बाकी काही नाही. तिकडेही यावर वाद चालतात आणि काही जणी आता मोबदला देतात. पैसे न देण्याच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे : पैसे घेतलेली बाई नाव ठेवायला कचरते. पण दीड-दोन मीटर लायक्रा, इलॅस्टिक आणि दोन संध्याकाळी एवढं जिने घातलं, तिला एक फाइल देऊन फिटंफाट झाली असं मला नाही म्हणवत. तुम्ही स्वतः कुणाचा कॉस्च्युम शिवताना शिलाई घेताच ना? कापड-इलॅस्टिक तुमचं आणि वर ठरलेली एक रक्कम, ती भरलेला प्रश्नांचा कागद हातात आल्यावर द्यायची, कॉस्च्युम बिघडला असला तरी द्यायची. ही शेवटची अट आधी सांगितलीत की तोंडं मोकळी होतात.

फोटोंबाबत मी कडक आहे. आलेले फोटो जाहिरातीत वापरू नका, हरकत न घेतलेल्या बायकांचेही नाही. त्यांनी ते माप दाखवायला पाठवले होते, विक्रीसाठी नाही. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. नवऱ्याने हरकत घेतली त्या घरात काय बोलणं झालं असेल याची मला कल्पना करता येते. पण निर्णय त्या बाईंना विचारा, त्यांच्या यजमानांना नव्हे. त्या नको म्हणाल्या तर फोटो पुसून टाका आणि पुसल्याचं कळवा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो बऱ्याच फोनमध्ये आपोआप गॅलरीत जाऊन बसतो आणि मुलं तोच फोन घेऊन खेळतात. पुढच्या फेरीत फोटो सक्तीचा नसू द्या. हवाच असेल तर एकदाच बघता येणारा, गळ्यापासून खाली, आणि फक्त तुमच्या नंबरवर, ग्रुपवर नाही. खरं तर फोटोपेक्षा छापील आकृती जास्त बोलते : अंगाची पुढची-मागची रेखाकृती द्या आणि सुरकुत्या पडल्या तिथे पेनाने रेघा मारायला सांगा. पाठीत कमरेवर आडव्या वळ्या असतील तर लांबी जास्त. खांद्यापासून खालपर्यंत ताणलेल्या उभ्या रेघा असतील तर लांबी कमी. छातीवर आडवा ताण असेल तर घेर कमी. एवढ्यावर तुम्ही घरबसल्या दुरुस्ती करू शकाल. जाहिरातीसाठी पुतळ्यावर चढवलेला कॉस्च्युम पुरेसा आहे, किंवा तुम्ही स्वतः.

राहता राहिल्या वन्सं. ग्रुपवर त्यांनी लिहिलं ते लागलं असणार तुम्हाला, आणि होजिअरी पाणी पिऊन लोंबणारच हे तुम्हाला माहीत असताना तर जास्तच. पण त्यांनी जे केलं तेच तुमची विकत घेणारी करणार आहे : घरात पडलेलं सुती लायक्रा वापरणार, अंग झाकायला हवं म्हणून बाह्या लांब करणार. वन्संनी पूर्ण बाह्या का लावल्या हे विचारलंत का? मला तर त्यात एक चांगली मागणी दिसते. ऊन लागू नये म्हणून असो की संकोचाने, पूर्ण बाहीचा कॉस्च्युम हवा असणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, आणि पॅटर्नमध्ये दुसरी बाही देणं तुम्हाला कठीण नाही. ग्रुपवर उलट उत्तर देऊ नका. घरी जाऊन सांगा : ‘वन्सं, कापड कुठलं घ्यायचं ते मी लिहायला हवं होतं, तुमच्यामुळे कळलं. सुती कापड बऱ्याच तलावांवर चालतही नाही, आत सोडत नाहीत. आता योग्य कापड आणलंय, बाह्या तुमच्यासारख्याच काढते.’ शिस्तीच्या दुसऱ्या फेरीत मात्र त्यांना घेऊ नका. त्या सूचना पाळणाऱ्यांतल्या नाहीत. तिसऱ्या, मोकळ्या फेरीत त्यांच्याइतकी कामाची बाई मिळणार नाही.

तर विकायला काढायचा की नाही? सगळा रद्द करण्याचं कारण मला दिसत नाही. आठही मापं आत्ता काढू नयेत, हेही तितकंच स्पष्ट आहे. उन्हाळी बॅचचा हंगाम चुकवायचा नसेल तर मधला रस्ता असा : दुसरी फेरी लगेच सुरू करा आणि ती झाल्यावर ३४ ते ४० एवढीच मापं विक्रीला काढा. वळशाचं माप, कापडाच्या ताणाची पट्टी (पानावरच दोन खुणा छापायच्या, ‘घडी घातलेलं कापड इथून इथपर्यंत सहज ताणलं पाहिजे’), छपाईचा चौकोन आणि मशीनच्या सूचना एवढं त्यात असलंच पाहिजे. फेरी हंगामाआधी आटोपली नाही, तर या वर्षी शिवून द्या आणि पॅटर्न दिवाळीनंतर काढा. तुमचं शिवणकाम त्यामुळे अडत नाही, आणि सुट्टीच्या बॅचमधल्या बायका तुम्हाला तपासणीसाठी आयत्या मिळतील, त्याही पाण्यात उतरलेल्या. पहिल्या पानावर लिहा की ३२ आणि ४२ ते ४६ ही मापं तपासली जात आहेत. कुणी ४४ आत्ताच मागितलं तर पैसे घेऊन अर्धवट माल देऊ नका. तिलाच तपासायला या म्हणा.

त्या मापांच्या बायका कशा शोधायच्या, असं तुम्ही शेवटी विचारलंय. दुकानात मापाचा कॉस्च्युम मिळत नाही म्हणून पोहायला यायचंच टाळणाऱ्या त्याच असतात, त्यामुळे तलावावर त्या तुम्हाला कमी दिसतील. बायकांच्या बॅचच्या प्रशिक्षिकेला सांगा, ‘चौकशी करून परत न आलेल्या’ बायका तिला आठवत असतात. निरोपात ‘मोठ्या मापाच्या’, ‘हेल्दी’ वगैरे काही लिहू नका. ‘छाती ४४ आणि ४६, वळसा तुम्हीच मोजून सांगा, कापड आमचं, शिलाईचे पैसे देऊ’ एवढंच लिहा, आणि मोजायची आकृती सोबत जोडा.